ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम: तीन सूर आणि मधली मोकळी जागा

(पडद्यावर साठच्या दशकातलं लंडन, कृष्णधवल छायाचित्रं)

१६ ऑक्टोबर १९६९. बर्मिंगहॅमची चार पोरं लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत सामान लावतायत. वय वीस-एकवीस. बँडचं नाव नुकतंच बदललंय: आधी ‘अर्थ’ होतं, आता ‘ब्लॅक सॅबथ’. वाजवायला हातात एकच दिवस आहे, त्यामुळे चर्चेला वेळ नाही. क्लबमध्ये रात्रीमागून रात्री जे वाजवलंय तेच इथे वाजवायचं. गिटार, बास आणि ड्रम्स एकत्र, गायक वेगळ्या बूथमध्ये. निर्माता रॉजर बेन, ध्वनिमुद्रक टॉम अ‍ॅलम. बारा तासांच्या आसपास सगळं उरकतं.

१३ फेब्रुवारी १९७०ला, शुक्रवारी, हा अल्बम इंग्लंडमध्ये बाजारात आला. हेवी मेटल म्हणून आज जे काही ओळखलं जातं, त्याचा आरंभ बहुतेक जण इथूनच मोजतात. त्याबद्दल बोलताना सैतान, काळी जादू, भुताटकी हेच विषय आधी निघतात. मला मात्र हा अल्बम ज्या कारणासाठी पुन्हा पुन्हा लावावासा वाटतो, ते कारण वेगळं आहे. आधी ऐकू या.

(पहिल्या गाण्याची रिफ. निवेदन थांबवावं, सूर पूर्ण विरू द्यावेत.)

खालचा षड्ज, मग वरचा षड्ज, आणि तिथून उतरून थेट तीव्र मध्यम. तीनच सूर, तेच पुन्हा पुन्हा; गिटारच्या अशा सुरावटीला रिफ म्हणतात. आपल्याकडे यमन शिकायला बसलेलं लहान मूलही तीव्र मध्यम गातं, पण तिथे त्याच्या आगेमागे गंधार असतो, पंचम असतो. तो सूर कुठेतरी निघालेला असतो. इथे त्याला सोबतच नाही. गिटारवादक टोनी आयोमी त्या सुरावर येऊन थांबतो, तो थरथरवतो आणि पंचमाकडे जातच नाही. कान वाट बघत राहतो. पाश्चात्त्य संगीतात हे अंतर अस्वस्थ करणारं म्हणून पूर्वापार ओळखीचं आहे. गीझर बटलर, म्हणजे बँडचा बासिस्ट, इंग्लिश संगीतकार गुस्ताव होल्स्टच्या ‘द प्लॅनेट्स’ या वाद्यवृंदरचनेतल्या मंगळाच्या भागावर फिदा होता. तालमीच्या खोलीत तो ते बासवर वाजवून बघायचा, आणि त्यातूनच आयोमीला ही रिफ सुचली.

पण निव्वळ सुरांनी हे काम झालं नसतं. लय बघा. १९६९च्या ब्रिटिश रॉकमध्ये ताकद दाखवायची म्हणजे मोठ्यानं आणि भरभर वाजवायचं, असा जोर होता. ही चौघं विलंबितात जातात. एक सूर सोडतात, तो विरेपर्यंत थांबतात, मग पुढचा. त्या मधल्या जागेत बिल वॉर्ड ड्रम्सवर नुसता ठेका धरून बसत नाही. टॉम या ड्रमवर मध्येच उठतो, मध्येच मागे सरतो. कडव्यावर गिटार अगदी खाली उतरते आणि ऑझी ऑझबर्नचा उंच, उघडा आवाज एकटा पुढे येतो. साडेचार मिनिटांच्या सुमारास लय अचानक दौडीला लागते, तेव्हा इतका वेळ दाबून धरलेलं सगळं एकदम सुटतं. सहा मिनिटांच्या गाण्यात एवढा संयम वीस वर्षांच्या पोरांनी दाखवावा, याचं मला आजही नवल वाटतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. सॅबथचा आवाज जड, कारण त्यांनी तारा खाली उतरवल्या, असं सर्रास सांगितलं जातं. ते १९७१च्या तिसऱ्या अल्बमपासून खरं आहे. या पहिल्या अल्बममध्ये गिटार नेहमीच्याच सुरात लावलेली आहे. जे वजन जाणवतं ते लयीचं आहे आणि मधल्या मोकळ्या जागेचं.

(अ‍ॅस्टन, बर्मिंगहॅम. विटांची चाळवजा घरं, कारखान्यांची धुराडी)

चौघंही अ‍ॅस्टनचे. महायुद्धात बॉम्ब पडलेला कामगारांचा भाग, पत्र्याचे आणि मोटारींच्या सुट्या भागांचे कारखाने. ऑझीनं कत्तलखान्यात काम केलं, मोटारीचे हॉर्न जुळवायचंही काम केलं. आयोमी पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग करायचा. सतरा वर्षांचा होता. बँडबरोबर बाहेर जायचं ठरलं होतं, म्हणून नोकरी सोडायचा तो शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आला तेव्हा परत जायचं त्याच्या मनात नव्हतं. आई म्हणाली, काम पुरं करून ये. गेला. पत्रा दाबून कापायच्या मशीनवरचा माणूस आला नव्हता, म्हणून त्याला तिथे उभं केलं. मशीन खाली आलं आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. आयोमी डावखुरा. म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका तोच.

डॉक्टरांनी गिटार विसरायला सांगितलं. कारखान्यातल्या वरिष्ठानं घरी येऊन जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. आयोमीला ती ऐकायचीही इच्छा नव्हती. ऐकल्यावर त्या माणसानं सांगितलं, की हा गिटारवादक आगीत भाजल्यानंतर डाव्या हाताच्या दोन बोटांवरच सगळं वाजवतो.

मग आयोमीनं भांडी घासायच्या लिक्विडची प्लास्टिकची बाटली वितळवली, तिचा गोळा केला, तापल्या सळईनं त्याला भोक पाडलं आणि घासून घासून बोटांच्या टोकांवर बसतील अशी अंगुस्तानं बनवली. प्लास्टिक तारेवरून निसटायचं, म्हणून वर जुन्या जॅकेटच्या चामड्याचा तुकडा चिकटवला. त्या टोप्यांमधून तारेचा स्पर्श कळत नाही. किती दाबलं हे कानानंच ठरवायचं. जाड तारा दुखायच्या, आणि बारीक तारांचे संच तेव्हा सहज मिळत नव्हते, म्हणून त्यानं वरच्या तारांच्या जागी बँजोच्या तारा चढवल्या. बारीक तार ओढायला हलकी, मींड लांब जाते. एकेका सुराला पीळ देत वाजवायची त्याची ढब इथून आली.

कमी बोटांचा माणूस कमी सुरांत काम भागवायला शिकतो, एवढंच मी म्हणणार नाही. अल्बममधले सोलो ऐका, बोटं सुसाट पळतात. पण प्रत्येक सूर त्याला कमवावा लागलाय, आणि म्हणून तो सूर वाजल्यावर त्याला घाईनं सोडून देत नाही, असं मला ऐकताना वाटतं.

रेकॉर्डिंगच्या दिवशीही एक गंमत झाली. आयोमीची मुख्य गिटार फेंडर स्ट्रॅटोकास्टर. ‘विकेड वर्ल्ड’ हे गाणं झालं आणि तिचा पिकअप, म्हणजे तारांची कंपनं पकडणारा भाग, बंद पडला. दुरुस्तीला वेळ नव्हता. सोबत जास्तीची म्हणून आणलेली गिब्सन एसजी उचलली आणि बाकीचा अल्बम तिच्यावर झाला. पुढे तीच गिटार त्याची ओळख झाली.

(‘एन.आय.बी.’ या गाण्याची सुरुवात, फक्त बास)

गीझर बटलर मुळात ऱ्हिदम गिटार वाजवायचा, बासकडे नंतर आला. त्यामुळे बास मागे राहून आधार देतो वगैरे नियम त्यानं कधी मानलेच नाहीत. आयोमीनं तार ओढली की तोही ओढतो. दोघं एकच रिफ एका श्वासात वाजवतात, आणि म्हणून ती एवढी रुंद ऐकू येते. खाली बिल वॉर्ड, जीन क्रुपा या ड्रमरचं जॅझ ऐकत वाढलेला. ‘द विझर्ड’मध्ये ऑझीच्या माउथ ऑर्गनला तो कसं उत्तर देतो ते मुद्दाम ऐका. सॅबथची नक्कल करणारे पुढे खूप झाले. गिटारचा जडपणा त्यांनी उचलला. ड्रम्सचा हा झोका फारच थोड्यांना जमला.

सगळाच अल्बम सारखा उतरलाय असं नाही. ‘ईव्हल वूमन’ हे अमेरिकेतल्या क्रो या बँडचं गाणं, सिंगल, म्हणजे सुटं विकायचं गाणं, हवं म्हणून यांच्या गळ्यात पडलेलं. सिंगल चाललं नाही, आणि अल्बममध्येही ते पाहुण्यासारखं बसलंय. शेवटचं दहा मिनिटांचं ‘वॉर्निंग’ही दुसऱ्यांचंच, मध्यावर ते ढेपाळतं, पण तिथेही तीन माणसं एका खोलीत एकमेकांना ऐकत वाजवतायत हे स्पष्ट कळतं. म्हणून मी ते गाळून पुढे जात नाही.

(मुखपृष्ठ: पाणचक्की, समोर काळ्या कपड्यांतली स्त्री)

अल्बमच्या सुरुवातीला ऐकू येणारा पाऊस, गडगडाट आणि घंटा नंतर मिसळलेली आहे. मुखपृष्ठ ऑक्सफर्डशरमधल्या मेपलडरमच्या पाणचक्कीवर कीथ मॅकमिलननं इन्फ्रारेड फिल्मवर टिपलं. ते गुलाबी-करडे रंग त्या फिल्मचे. आतल्या पानावरचा, सैतानाची खूण समजला जाणारा उलटा क्रूस रेकॉर्ड कंपनीनं बँडला न विचारता छापला. त्यावरून नको ती माणसं मागे लागली. आता पहिलं गाणं नीट ऐका: त्यात एक माणूस घाबरून देवाचा धावा करतोय. आणि ऑझीच्या वडिलांनी, ते टूलमेकर होते, चौघांना गळ्यात घालायला स्वतःच्या हातानं धातूचे क्रूस बनवून दिले होते.

समीक्षकांनी अल्बम धुऊन काढला. ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकी नियतकालिकात लेस्टर बँग्जनं त्याला क्रीम या बँडची वाईट नक्कल ठरवलं. लोकांनी मात्र तो उचलला: ब्रिटनमध्ये आठव्या क्रमांकापर्यंत, अमेरिकेत तेविसाव्या. जाहिरात फारशी नव्हती. एकानं दुसऱ्याला ऐकवला, असाच तो पसरला.

५ जुलै २०२५ला हे चौघं अ‍ॅस्टनच्याच व्हिला पार्क मैदानावर एकत्र आले, वीस वर्षांनी. ऑझीला उभं राहता येत नव्हतं, तो सिंहासनावर बसून गायला. पुढे २२ जुलैला तो गेला. त्या संध्याकाळी त्यांनी चारच गाणी वाजवली. तीन दुसऱ्या अल्बममधली, आणि या पहिल्या अल्बममधून ‘एन.आय.बी.’, गीझरच्या त्याच एकट्या बासपासून सुरू होणारं.