'पुणे'ची लांबी बारा

(दृश्य: काळा पडदा. कुणीतरी 'पुणे' टाइप करतं.)

पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या जुन्या आवृत्तीला, पायथन २ ला विचारलं, या शब्दाची लांबी किती? उत्तर आलं, १२.

मोजून बघा. प, उकार, ण, मात्रा. चिन्हं चारच. पण यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट (साठवणीची एककं) खातं, आणि पायथन २ साध्या मजकुरात बाइटच मोजायचा. इंग्रजीत एका अक्षराला एकच बाइट, त्यामुळे तिथे कुणाचं काही अडलं नाही. आमचं अडायचं. यादीत एक मराठी नाव आलं की प्रोग्राम मान टाकायचा.

३ डिसेंबर २००८ ला पायथन ३ आला, तो बाइटऐवजी चिन्हं मोजू लागला आणि 'पुणे'ची लांबी चार झाली. (आपण दोन म्हणतो, पण ते भांडण वेगळं.)

त्याची किंमत होती. जुना कोड नव्यात जसाच्या तसा चालेना. पायथन २ चा आधार (म्हणजे त्यातल्या दोषांची दुरुस्ती) २०१५ मध्ये थांबायचा होता. २०१४ मध्ये ती मुदत २०२० पर्यंत वाढवली. लोकांना दया आली म्हणा. माझ्या मते चुकलंच. या वाढीव पाच वर्षांत आमच्या कंपनीत 'पायथन ३' हे काम दर तिमाहीच्या यादीत असायचं आणि दर तिमाहीला पुढे ढकललं जायचं. चालतंय ना, मग हात कशाला लावा! ढकलणाऱ्यांत मीही होतो.

तिकडे पायथन बनवणारी तीच माणसं दोन्ही घरं, २ आणि ३, झाडत होती. त्यातले बरेच स्वयंसेवक. एकच दोष दोनदा दुरुस्त करायचा, तोही फुकट, आमच्यासारख्या पगारी माणसांचा आळस सांभाळायला.

(दृश्य: कॅलेंडर, १ जानेवारी २०२०.)

आधार थांबला. एप्रिलमध्ये २.७.१८ ही शेवटची आवृत्ती आली, आणि संपलं. आम्ही २०१९ च्या दिवाळीनंतर जागे झालो होतो. जुन्या कोडचं नव्यात रूपांतर करून देणारं एक साधन होतं, 'टू-टू-थ्री'. 'प्रिंट' या आज्ञेला कंस घालणं वगैरे हमाली ते निमूट करायचं. भागाकाराला मात्र ते हात लावायचं नाही. पायथन २ मध्ये सात भागिले दोन म्हणजे तीन, पायथन ३ मध्ये साडेतीन. तुम्हाला यातलं कोणतं हवं होतं, हे त्याला कसं कळणार?

मलाही कळलं नव्हतं. गोदामाचा एक जुना प्रोग्राम त्या कापल्या गेलेल्या अर्ध्यावरच बेतलेला होता. भागाकाराच्या एका तिरप्या रेघेच्या जागी दोन घातल्या असत्या तर अर्धा पूर्वीसारखा कापला गेला असता. मी घातल्या नाहीत.

सोमवारी सकाळी गोदामातून फोन आला.

"साहेब, साडेतीन खोकी पाठवा म्हणतोय. एक कापू का?"