अभ्यासक्रम कोण ठरवतं?

आजच्या व्याख्यानाच्या पत्रिकेवर ‘उच्च शिक्षणातील अभ्यासक्रमाची फेररचना’ असा भारदस्त विषय छापलाय. तिकडे वळूच. पण ठाण्याच्या या सहयोग मंदिर सभागृहात पुढच्या रांगांत बरेच निवृत्त प्राध्यापक दिसतायत, म्हणून आधी एका कपाटाचं सांगतो. त्यांना लगेच कळेल.

एक अभियांत्रिकी महाविद्यालय. नाव नको, खाडीच्या अलीकडे की पलीकडे, तेही नको. मायक्रोप्रोसेसरच्या पेपरवर बैठक होती. पेपरात ८०८५ हा जुना प्रोसेसर. इंटेलने तो आणला १९७६ साली. गुणी होता, वाद नाही. एकाच पाच व्होल्टच्या सप्लायवर चालायचा, म्हणून तर नावाच्या शेवटी पाच. ‘मुलांचा पाया पक्का व्हायला बरा,’ असं कुणी म्हणालं असतं तर मी गप्प बसलो असतो. तसं कुणी म्हणालं नाही. एका तरुण मॅडमनी विचारलं, ‘सर, याच्याऐवजी आजचा एखादा मायक्रोकंट्रोलर घेऊ या का?’ विभागप्रमुखांनी चष्मा काढला. ‘अहो, पण किट्सचं काय?’

लॅबच्या लोखंडी कपाटात ८०८५वर सराव करायची किट्स होती. निम्म्यांची बटणं एकदा दाबली की दाबलेलीच राहायची. पण डेड स्टॉक रजिस्टरला नोंद होती ना! विषय काढला तर किट्स निर्लेखित करा, म्हणजे रजिस्टरातून कमी करा. त्यासाठी समिती नेमा. मग ऑडिटवाला विचारणार, चालू वस्तू का काढली? बंद होती म्हणावं, तर प्रॅक्टिकलचे मार्क कशाचे दिलेत? (हशा) तुम्ही हसताय, विभागप्रमुख हसत नव्हते. चहा झाला, वडे झाले. शेवटी ८०८५ राहिला, आणि मॅडमचा मायक्रोकंट्रोलर सहाव्या मॉड्यूलच्या तळाशी ‘तोंडओळख’ म्हणून गेला. माळ्यावर सामान चढतं, उतरत नाही, त्यातलीच गत. वडे मात्र उत्तम होते. ठाण्यात वड्यावर तडजोड होत नाही, अभ्यासक्रमावर होते.

आणि हे सगळं बसवायचं किती वेळात? एका क्रेडिटला १५ तास, म्हणजे चार क्रेडिटच्या पेपरला ६०. कागदावर. रुळांवर पाणी साचलं की कर्जत-कसाऱ्याची मुलं घरी. पुढे गणपती, मग टेंभीनाक्याची देवी, मधे युवा महोत्सव. उरलेल्या तासांत ‘पोर्शन उरकायचा’.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणतायत. बरं, मूळ विषय.

सत्र संपल्यावर मुलाला काय करता आलं पाहिजे, ते आधी लिहा. मग ते तपासणारा प्रश्न काढा. मॉड्यूल त्याच्यानंतर. ज्या मॉड्यूलला असा प्रश्नच सापडत नाही, ते बाहेर. विगिन्स आणि मॅकटाय या अमेरिकन अभ्यासकांनी १९९८ मध्ये हा उलटा क्रम मांडला. त्याआधी १९९६ मध्ये जॉन बिग्जनी सांगितलं होतं की उद्दिष्ट, शिकवणं आणि परीक्षा यांचा एकमेकांशी मेळ हवा. आपणही कोर्स आउटकम लिहितो. पण सगळा पेपर ठरल्यावर, नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या, फायलीसाठी.

शिकवण्याबद्दल दोनच गोष्टी. हार्वर्डचे एरिक माझुर भौतिकशास्त्राच्या तासाला मधेच एक संकल्पनेचा प्रश्न टाकतात. मुलं उत्तर नोंदवतात, शेजाऱ्याशी वाद घालतात, पुन्हा नोंदवतात. उत्तर नोंदवायचं यंत्र नसेल तर बोटं वर करू द्या; १२० च्या वर्गातही जमतं. दुसरं, रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६चा प्रयोग. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवणारे. तेव्हा तासाची शेवटची पाच मिनिटं वही मिटून, आज काय झालं ते मुलांना लिहू द्या. मार्क देऊ नका, नाहीतर त्याचंही रजिस्टर होईल.

तुमच्यापैकी जे अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यासमंडळावर आहेत त्यांना विनंती: पुढच्या बैठकीत कुणी नवा घटक सुचवला, तर ‘कुठला काढायचा?’ एवढं विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. वाईटपणा येईल, घ्या.

प्रश्न विचारा आता. पंच्याहत्तर टक्के हजेरीवर मात्र नको, त्याला एक अख्खी संध्याकाळ लागेल आणि सभागृह साडेआठला रिकामं करून द्यायचंय.