हायबरनेट होत नाही? फॉरमॅटच्या आधी ड्रायव्हर बघा

मंडळी, उन्हाळ्यात आपल्या सोलापुरात पारा चाळिशीच्या वर असतो. अशा दिवसांत चालू राहिलेला लॅपटॉप बॅगेत कोंडला गेला, की घरी पोचेपर्यंत तो हाताला चटका देतो आणि बॅटरीही संपलेली असते. मालकानं तर हायबरनेट दाबूनच झाकण लावलेलं असतं. मग सल्ले ठरलेले: बॅटरी बदला, नाहीतर फॉरमॅट मारा. माझं कळकळीचं सांगणं आहे, दोन्हींची घाई करू नका. बऱ्याचदा अडलेला असतो एखादा ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि एखादं उपकरण यांना जोडणारं छोटं सॉफ्टवेअर, आणि कुठला ते मशीनलाच विचारता येतं.

स्लीपमध्ये रॅमला थोडी वीज मिळत राहते. हायबरनेटमध्ये रॅममधलं काम सी ड्राइव्हवरच्या हायबरफिल डॉट सिस या फाइलमध्ये उतरवलं जातं आणि मशीन पूर्ण बंद होतं. पण त्याआधी विंडोज प्रत्येक ड्रायव्हरला सांगतं, तुझं उपकरण आवरून घे. माग थांबवताना धोटा पेटीत असावा लागतो. मधेच राहिला तर ताण्याचे धागे तुटतात, हे इथं बसलेल्या अनेकांना माहीत आहे. इथंही तसंच. वायफायच्या नाहीतर ग्राफिक्सच्या ड्रायव्हरनं उत्तरच दिलं नाही, तर स्क्रीन काळी होते, पंखा फिरत राहतो आणि बऱ्याच वेळानं निळा पडदा येतो. त्यावर ‘ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर’ लिहिलेलं असतं. त्याचा कोड 9एफ. हा पडदा दिसला की फोटो काढून ठेवा. दुरुस्तीवाल्याला तो फार उपयोगी पडतो.

आता तपासणी. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि ‘पॉवरसीएफजी’, एक जागा सोडून ‘स्लॅश ए’ टाइप करा. झोपेचे कुठले प्रकार चालतात आणि कुठले का चालत नाहीत, याची यादीच समोर येते. हायबरनेट नुसतंच बंद असेल तर ‘पॉवरसीएफजी स्लॅश हायबरनेट ऑन’ एवढ्यानं भागतं. पण तिथं ग्राफिक्सचं नाव आलं असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टर्स उघडून बघा.

चादरीची डिझाइनं करणाऱ्या एका मुलाचा लॅपटॉप माझ्याकडे आला होता. नुकताच फॉरमॅट केलेला. मेनूत हायबरनेट नाहीच, आणि डिस्प्ले अडॅप्टर्सखाली नाव होतं ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’. म्हणजे चित्र दिसण्यापुरता कामचलाऊ ड्रायव्हर. खरा कुणी टाकलाच नव्हता. लॅपटॉपच्या पाठीवरचा मॉडेल नंबर बघून कंपनीच्या साइटवरून आधी चिपसेटचा, मग ग्राफिक्सचा ड्रायव्हर घेतला, रीस्टार्ट केला, आणि काम झालं. फॉरमॅटमुळं दोष गेला नव्हता, उलट आला होता! ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ म्हणणारी सॉफ्टवेअरं मात्र टाकू नका. भलताच ड्रायव्हर बसतो आणि नवं दुखणं मागं लागतं.

रीस्टार्ट म्हणालो, शटडाऊन नाही. हे नीट ऐका. विंडोज 8 पासून फास्ट स्टार्टअप आलं. ते चालू असेल तर शटडाऊन करताना कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, आणि ड्रायव्हर यांची स्थिती त्याच हायबरफिलमध्ये साठवली जाते आणि पुढच्या वेळी तशीच उचलली जाते. त्यामुळं बिघडलेला ड्रायव्हर दुसऱ्या दिवशीही बिघडलेलाच उठतो. रीस्टार्टमध्ये सगळे ड्रायव्हर नव्यानं सुरू होतात.

अपडेटनंतर त्रास सुरू झाला असेल, तर संशयित उपकरणाच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ आहे. संशय कुणावरच नसेल तर यूएसबीचं सगळं काढा. मग ब्लूटूथ, वायफाय, कार्ड रीडर एकेक डिसेबल करून दर वेळी हायबरनेट करून पाहा. वेळखाऊ आहे, पण चोर सापडतो. निळा पडदा आला की विंडोज त्याची नोंद मिनीडम्प नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतं. तिथं फाइल असेल तर जाणकाराला द्या. अडलेल्या ड्रायव्हरचं नाव बहुधा तीत मिळतं.

इंजिनिअरिंगच्या मुलांपैकी ज्यांच्याकडे लिनक्स आहे, त्यांनी ‘पीएम टेस्ट’ बघावं. त्यात ‘डिव्हायसेस’ निवडलं की मशीन पूर्ण न झोपता फक्त ड्रायव्हर थांबवून परत उठवतं. तिथंच गाडी अडली, तर स्वॅपमध्ये, म्हणजे लिनक्स हायबरनेट करताना रॅममधलं काम डिस्कवर जिथं उतरवतं तिथं, शोधत बसायचं कारण नाही.

दुरुस्तीनंतर खात्री करताना आधी फाइल सेव्ह करा. मग चार्जर काढून हायबरनेट करा, पंखा थांबलाय आणि दिवा विझलाय हे बघा, आणि मगच लॅपटॉप बॅगेत घाला.