सोलच्या बाजारात बटर शोधताना

(दृश्य: सोलमधील एका मोठ्या मार्टमधले दुग्धपदार्थांचे शीतकपाट. एक हात एकामागून एक पाकिटे उलटून पाहतो आहे.)

कोरियात नव्याने राहायला आलेला मराठी माणूस तूप कढवण्यासाठी पहिल्यांदा जे बटर घरी नेतो, ते बरेचदा पूर्ण बटर नसतेच. पाकीट पिवळे असते आणि ‘बॉथॉ’ ही दोन कोरियन अक्षरे आपल्याला वाचता आली, याचाच आनंद इतका झालेला असतो की त्यांच्या आधी जोडलेला ‘कागोंग’ हा शब्द नजरेतून सुटतो. कागोंग म्हणजे प्रक्रिया केलेले. अशा बटरमध्ये दुधाच्या स्निग्धांशाबरोबर बहुधा वनस्पती तेलेही असतात, त्यामुळे ते पातेल्यात कितीही वेळ कढवले तरी घरभर सुटणारा तो वास येत नाही आणि तूप रवाळ होत नाही. चीजच्या कपाटापाशीही हीच खबरदारी घ्यावी लागते. ‘कागोंग छीज’ म्हणजे प्रक्रिया केलेले चीज, ‘जायॉन छीज’ म्हणजे नैसर्गिक चीज. बटरच्या पाकिटावर ‘मुयॉम’ असे लिहिले असेल तर ते बिनमिठाचे, आणि तुपासाठी तेच हवे.

हंगुल लिपी शिकणे मराठी माणसाला तुलनेने सोपे जाते. राजा सेजोंगने 1446 मध्ये जाहीर केलेल्या या लिपीत व्यंजने आणि स्वर एकत्र रचून एकेक अक्षर तयार होते, आणि जोडाक्षरांच्या सवयीमुळे ही रचना आपल्याला परकी वाटत नाही. सोलमध्ये किराणा आणायला निघण्यापूर्वी दोन संध्याकाळी या लिपीसाठी खर्च कराव्यात, कारण परदेशी मालावरही अखेर हंगुलच वाचावी लागते.

(दृश्य: आयात केलेल्या ओट्सचा डबा. त्याच्या मागील बाजूवर चिकटवलेली पांढरी पट्टी कॅमेरा जवळून दाखवतो.)

आयात केलेल्या खाद्यपदार्थावर कोरियन भाषेतील माहिती असणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यामुळे आयातदार प्रत्येक डब्यावर बारीक अक्षरांची एक पांढरी पट्टी चिकटवतो, आणि का कोण जाणे, ती पट्टी नेमकी त्या जागी बसते जिथे मूळ इंग्रजीत पाण्याचे प्रमाण आणि शिजवण्याची वेळ छापलेली असते. परदेशी माणसाच्या स्वयंपाकघरात अशी नखाने अर्धवट खरवडलेली पट्टी असलेला एक तरी डबा सापडतोच. आमच्या घरी असे तीन डबे आहेत.

(दृश्य: इतेवॉन मेट्रो स्थानक, तीन क्रमांकाचे प्रवेशद्वार आणि मशिदीकडे चढत जाणारी गल्ली.)

ही गल्ली सोलच्या मध्यवर्ती मशिदीकडे जाते, जी 1976 मध्ये उघडली. गल्लीतल्या परदेशी वाणसामानाच्या दुकानांत डबाबंद टोमॅटो, छोले, ओट्स आणि पीनट बटर ज्या फळ्यांवर ठेवलेले असते, त्यांच्याच खाली तूरडाळ, मसूर, जिरे आणि हळदीच्या पिशव्या रचलेल्या असतात. अमेरिकी शिक्षक, उझबेक कामगार आणि सुवोनच्या इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांत नोकरी करणारा भारतीय अभियंता एकाच अरुंद वाटेतून एकमेकांना अंग चोरून जागा देतात. मोठ्या मार्टमध्ये जो जिन्नस शोधून सापडत नाही, तो येथे सहसा पहिल्या पाच मिनिटांत हाती लागतो.

हा बाजार इतेवॉनलाच का वसला, याचे उत्तर शेजारच्या भिंतीपलीकडे आहे. कोरियन युद्धानंतरची अनेक दशके अमेरिकी सैन्याचा मुख्य तळ योंगसानला, म्हणजे इतेवॉनला लागूनच होता. तळाच्या आत सैनिकांसाठी स्वतंत्र दुकाने होती, ज्यांना कोरियन लोकही ‘पीएक्स’ म्हणत. तेथे सामान्य कोरियन नागरिकाला प्रवेश नव्हता, पण तेथील माल बाहेर येण्याचे थांबले नाही. डबाबंद मांस, कॉफीची भुकटी, चॉकलेट, दुधाची भुकटी हे सारे तळाच्या दारांतून गुपचूप बाहेर पडत असे. 2018 मध्ये सैन्याचे मुख्यालय सोलच्या दक्षिणेस प्योंगथेकच्या कॅम्प हम्फ्रीजमध्ये गेले, पण इतेवॉनची दुकाने मागेच राहिली.

(दृश्य: नामदेमून बाजाराच्या तळघरातील आयात मालाची दुकाने. छतापर्यंत रचलेले डबे.)

तळावरून निसटलेला माल विकला जाई अशा बाजारांना कोरियन लोकांनी एक सुंदर नाव दिले होते: ‘दोक्केबी’ बाजार. दोक्केबी हे कोरियन लोककथांतले खोडकर भूत आहे. पोलिसांची धाड पडणार अशी कुणकुण लागताच माल क्षणात नाहीसा होई आणि धाड संपताच पुन्हा मांडला जाई, म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. 1961 मध्ये तर ठरावीक परदेशी मालाच्या विक्रीवर बंदी घालणारा कायदाच झाला, पण त्याने मागणी कमी झाली नाही. घरोघर जाऊन अमेरिकी माल विकणाऱ्या बायका होत्या आणि त्यांच्या पिशवीत काय काय असेल याची वाट पाहणारी घरेही होती. मुंबईत ज्यांनी एके काळी मनीष मार्केटमधून ‘फॉरेन’चा माल आणला आहे, त्यांना हा व्यवहार वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

सोलच्या होएह्यॉन स्थानकाबाहेरील नामदेमून बाजारात आयात मालाची तळघरातील दुकाने आजही आहेत, आणि आता ती पूर्णपणे कायदेशीर आहेत. विक्रेत्या बहुतेक वयस्क बायका असतात. त्यांना ‘इमोनिम’ म्हणजे ‘मावशी’ अशी हाक मारली तर संभाषण लवकर जुळते. बुसान शहरात मात्र बाजाराच्या नावातच हा इतिहास उरला आहे. तेथील बुप्यॉंग बाजाराला लोक ‘क्कांगथोंग’ बाजार म्हणतात, आणि क्कांगथोंग म्हणजे पत्र्याचा डबा. युद्धानंतर अमेरिकी डबाबंद अन्न तेथे इतके विकले गेले की बाजाराला मालावरून नाव पडले नाही, ते त्याच्या वेष्टनावरून पडले.

(दृश्य: चुसॉक या सुगीच्या सणापूर्वीचे एक मार्ट. निळ्या डब्यांच्या भेटपेट्यांची रास.)

त्या डब्यांपैकी एक आज कोरियाच्या घरात मानाने वावरतो. स्पॅम हे डुकराचे डबाबंद मांस युद्धकाळात आले, तळाजवळच्या गावांत सॉसेज आणि किमचीबरोबर शिजून ‘बुदे जिगे’ म्हणजे ‘सैनिकी तळाचा रस्सा’ झाले, आणि 1987 पासून कोरियातच बनू लागले. उइजॉंगबू शहरात या रश्श्याच्या खाणावळींची एक आख्खी गल्ली आहे. चुसॉकच्या सणाला स्पॅमची पेटी भेट देणे हे सभ्य मानले जाते, आणि अमेरिकेहून आलेल्या पाहुण्याला यात विनोद वाटतो, तेव्हा यजमानाला त्याचे कारण कळत नाही. आमच्या मते यात हसण्यासारखे काही नाही. उपासमारीच्या वर्षांत जो पदार्थ श्रीमंतीची खूण होता, त्याला लोकांनी समृद्धी आल्यावर टाकून दिले नाही, एवढेच.

कोरियातील पाश्चात्त्य किराण्याचे गणित येथून उलगडू लागते. जो पदार्थ कोरियन माणसाने आपल्या जेवणात घेतला, तो कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतो, फक्त त्याची चव बदललेली असते. जो त्याने घेतला नाही, त्यासाठी इतेवॉनची चढण चढावी लागते. ब्रेडचेच पाहा. कोरियन भाषेत ब्रेडला ‘प्पांग’ म्हणतात. हा शब्द जपानीमार्गे पोर्तुगीजांकडून आला, आणि आपला ‘पाव’ही पोर्तुगीजांचाच, त्यामुळे भाषेने आपण येथे अनपेक्षितपणे भाऊबंद ठरतो. पण कोरियन प्पांग मऊ, दुधाळ आणि गोड असतो, आणि लसणाच्या ब्रेडवरही साखर असू शकते. भाजीबरोबर खाण्याजोगा कडक, अगोड पाव शोधायला निघालेला माणूस शेजारच्या बेकरीतून रिकाम्या हाताने परततो.

(दृश्य: जॉल्ला प्रांतातील इमसिल गाव. टेकड्या, कुरणे आणि चीजच्या कारखान्याची इमारत.)

चीजची कथा याच्या उलट दिशेने जाते, कारण ते सैन्याच्या ट्रकमधून आले तसे एका धर्मगुरूच्या हट्टातूनही आले. दिदिए त’सेर्स्तेवेन्स हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू 1959 मध्ये कोरियात आले, त्यांनी जी जॉंग-ह्वान हे कोरियन नाव घेतले, आणि 1964 मध्ये इमसिल या डोंगराळ, गरीब भागात त्यांची नेमणूक झाली. भातशेतीला पुरेशी जमीन नव्हती, पण गवत भरपूर होते, म्हणून त्यांनी शेळ्या पाळल्या, आणि उरलेल्या दुधाचे करायचे काय या प्रश्नातून चीज सुरू झाले. त्यांना स्वतःला चीज बनवता येत नव्हते. आरंभीचे प्रयत्न फसले, तेव्हा ते युरोपात जाऊन ती कला शिकून आले. पुढे इमसिलचे चीज सोलच्या मोठ्या हॉटेलांत पोहोचले. 2016 मध्ये कोरियाने त्यांना नागरिकत्व दिले आणि 2019 मध्ये त्यांचे निधन झाले. आज कोरियात ‘इमसिल’ हा शब्द उच्चारला की लोकांना आधी चीज आठवते.

(दृश्य: मोठ्या गोदामवजा मार्टमधील गर्दी. उंच फळ्या, भरलेल्या ढकलगाड्या.)

मोठ्या परदेशी दुकानांचे कोरियातील नशीब सारखे नाही. फ्रान्सची कारफूर 1996 मध्ये आणि अमेरिकेची वॉलमार्ट 1998 मध्ये कोरियात उतरली, आणि 2006 मध्ये दोघींनीही आपली दुकाने विकून काढता पाय घेतला. वॉलमार्टची 16 दुकाने ज्या शिनसेगे समूहाने घेतली, त्याच्या ईमार्टने ताजी मासळी, ओरडून बोलावणारे विक्रेते आणि चव पाहण्यासाठी ठेवलेले घास हे सारे कोरियन बाजाराचे वातावरण छताखाली आणले होते. वॉलमार्टसारख्या दुकानांतील खोक्यांच्या उंच भिंतींमध्ये सामान घेणे कोरियन गृहिणीला रुचले नाही, असा निष्कर्ष त्या वेळी निघाला. तो अर्धाच खरा असावा, कारण 1994 पासून सोलमध्ये असलेले कॉस्टको हे अमेरिकी दुकान आजही तशाच उंच खोक्यांच्या भिंतींतून भरभरून विकते. तेथे चेडरचा ठोकळा, बदामाचे बटर आणि गोठवलेल्या बेरी मिळतात, मात्र सभासदत्व लागते, आणि पैसे रोख नसतील तर 2019 पासून ह्युंदाईचेच क्रेडिट कार्ड लागते. मार्टला निघण्याआधी आणखी एक गोष्ट तपासावी. 2012 च्या नियमांनुसार मोठी मार्ट महिन्यातून दोन दिवस बंद असतात, आणि बऱ्याच ठिकाणी ते रविवार असतात.

कपाटातील बटरची विविधता मात्र दुकानदारांपेक्षा जकातीने अधिक घडवली. कोरियाची बटरवरील मूळ जकात 89 टक्के आणि चीजवरील 36 टक्के आहे. युरोपीय संघाशी झालेला मुक्त व्यापार करार जुलै 2011 मध्ये आणि अमेरिकेशी झालेला मार्च 2012 मध्ये लागू झाला, आणि या जकाती टप्प्याटप्प्याने उतरू लागल्या. फ्रान्स, आयर्लंड आणि डेन्मार्कची पाकिटे शेजारी शेजारी दिसतात, त्यामागे हे करार आहेत.

आता यातील बराच माल मोबाइलवरूनही मागवता येतो, आणि रात्री मागवलेले खोके पहाटे दारात येऊन पडते. थेट परदेशातून मागवायचे असेल तर प्रत्येकाला सीमाशुल्क विभागाकडून स्वतःचा क्रमांक घ्यावा लागतो, ज्याच्या आरंभी ‘पी’ हे अक्षर आणि पुढे बारा आकडे असतात. अमेरिकेहून येणाऱ्या मालाला साधारणपणे 200 डॉलरपर्यंत आणि इतर देशांच्या मालाला 150 डॉलरपर्यंत जकात माफ असते. मांस मात्र पार्सलमध्ये किंवा सामानात आणण्याच्या फंदात पडू नये. आफ्रिकन स्वाइन फिव्हरची लागण असलेल्या देशातून डुकराच्या मांसाचे पदार्थ न सांगता आणल्यास पहिल्याच वेळी 50 लाख वॉनचा दंड होतो.

(दृश्य: सोलमधील एका घराचे छोटे स्वयंपाकघर. गॅसवर जाड बुडाचे पातेले.)

हे ‘मुयॉम’ बटर फ्रान्सचे आहे, आणि पाकिटाच्या मागची पांढरी पट्टी या वेळी जागच्या जागी ठेवली आहे. मंद आचेवर आधी फेस येतो, मग तड्तड् आवाज कमी होत जातो, आणि तळाशी तांबूस बेरी जमू लागते. कोरियन इमारतींत स्वयंपाकघराचा वास जिन्यापर्यंत पोहोचतो, त्यामुळे समोरच्या दारातल्या आजींनी डोकावून हे कोणते सूप शिजते आहे, असे विचारले. तूप गाळून झाल्यावर पातेल्यात उरलेल्या बेरीत साखर घालून एक चमचा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो खाल्ला, थोडा विचार केला, आणि यावर थोडे मीठ हवे होते, असे सांगितले.