भेरूबाबाचा वाटा
(लघुमाहितीपट : निवेदन)

[दृश्य : घाटातून उतरणारे ट्रक. उन्हाने पांढरा पडलेला रस्ता.]

इंदूरहून खंडव्याचा रस्ता धरला आणि सिमरोल मागे पडलं, की भेरूघाट लागतो. वळणावर ट्रकवाले भेरूबाबाला हात जोडतात, हॉर्न देतात आणि ब्रेकवर पाय ठेवून खाली नर्मदेकाठच्या निमाडात उतरतात. इंदूर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच. रात्री गार वारा सुटतो म्हणून 'शब-ए-मालवा'चं, म्हणजे माळव्याच्या रात्रीचं, एवढं कौतुक. घाट उतरला की ते कौतुक संपतं. मे महिना आहे, सकाळचे अकरा वाजलेत आणि गाडीतला आकडा ४१ दाखवतोय.

अशा उन्हात आम्ही व्हिस्की बघायला निघालोय.

[दृश्य : फाटक. टेबलावर ओळीने ठेवलेले मोबाईल, काडेपेट्या, एक लायटर.]

कारखान्याचं नाव दाखवायचं नाही, ही पहिली अट. मोबाईल फाटकावर ठेवायचे, ही दुसरी. आत हवेत दारूची वाफ असते, एक ठिणगीसुद्धा महागात पडेल. भट्टीघरात म्हणूनच कॅमेरा नेता आला नाही. ते चित्रीकरण काचेबाहेरून केलेलं आहे.

[दृश्य : ओंजळीतले जवाचे दाणे. मग मोड आलेले दाणे, अगदी जवळून.]

हे जव. आपल्याकडे राजस्थान, हरियाणा, पंजाबात पिकतात. स्कॉटलंडमध्ये वापरतात त्या जवाच्या कणसात दाण्यांच्या दोन ओळी असतात, आपल्या बहुतेक जवात सहा. सहा ओळींच्या दाण्यात प्रथिनं जास्त आणि पिठाचा भाग कमी, त्यामुळे तेवढ्याच पोत्यातून दारू कमी निघते. पण चवीला अंग येतं, असं इथली माणसं सांगतात.

दाणे भिजवायचे, मोड आणायचे आणि मोड जरा वर आले की भट्टीवर वाळवून ते थांबवायचे. नाचणीला मोड आणून बाळासाठी सत्त्व करणारी कुठलीही आजी हे काम डोळे मिटून करेल. मोड आला की दाणा आपल्याच पिठाची साखर करायच्या तयारीला लागतो. कारखान्याला हवी असते ती हीच साखर.

[दृश्य : वाफाळतं गढूळ पाणी. मोठ्या टाकीत वर आलेला फेस.]

वाळवलेले दाणे भरडून साधारण ६४ अंशांच्या पाण्यात कालवतात. गाळून येतं ते गोडसर पाणी. आम्हाला वाटीभर प्यायला दिलं. पेजेत कोणी गूळ विरघळवला असावा, तसं लागलं.

त्यात यीस्ट पडलं की काही तासांत टाकी जिवंत होते. उकळत नाही, पण उकळल्यासारखी दिसते. उन्हाची पहिली लढाई इथे होते. साखर खाऊन तिची दारू करताना यीस्ट स्वतःच तापतं, वर बाहेर ४१ अंश. पारा पस्तिशीपुढे गेला की ते दमतं, मरायला लागतं. म्हणून टाकीला गार पाण्याचे नळ गुंडाळलेले आहेत. या अख्ख्या आवारात घाम फुटलेला नाही तो फक्त आबकारीवाल्या साहेबांना. ते कूलरसमोर बसलेत. बाकी माणसं आणि हे नळ, सगळे ओलेचिंब.

[दृश्य : काचेपलीकडे तांब्याची दोन भांडी. लांब मान. कॅमेरा मानेवरून वर सरकतो.]

या भांड्यांवर थोडं रेंगाळू या.

डाळीच्या पातेल्यावर झाकण ठेवलं की आतून थेंब धरतात, तेवढीच ही गोष्ट. पाण्याआधी दारूची वाफ होते. ती मानेतून वर चढते, पलीकडे गार होऊन पुन्हा थेंब होते. पहिल्या भांड्यात बिअरसारखं आठ-नऊ टक्क्यांचं पाणी जातं आणि वीस-पंचवीस टक्क्यांचं बाहेर येतं. दुसऱ्यातून येतं ते सत्तरच्या आसपास. त्यातलं आधी येणारं आणि शेवटी येणारं बाजूला काढतात. मधलं ठेवतात. इथे त्याला 'हार्ट' म्हणतात. तांबं नुसतं शोभेला नाही. गंधकाचे उग्र वास ते धरून ठेवतं. स्टीलच्या भांड्यात हे जमत नाही.

[दृश्य : आवारातले उंच स्टीलचे खांब, नळ्या, शिड्या.]

या कारखान्याचा बहुतेक पसारा खरं तर हा आहे. कणकी तांदूळ आणि मका इकडून आत जातो, तिकडून ९६ टक्क्यांचा, जवळजवळ बिनवासाचा मद्यार्क रात्रंदिवस वाहत असतो. त्याला ईएनए (एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल) म्हणतात. दुकानात 'व्हिस्की' म्हणून मिळणाऱ्या आपल्या बहुतेक स्वस्त बाटल्यांमध्ये मुख्यतः असला मद्यार्कच असतो. कुठे धान्याचा, कुठे उसाच्या मळीचा. मळीच्या दारूला युरोपात व्हिस्की म्हणून विकता येत नाही. पुढे जाऊ या.

[दृश्य : गोदामाचं लाकडी दार. किल्ल्यांचा जुडगा. अंधार. डोळे सरावल्यावर दिसणाऱ्या पिंपांच्या रांगा.]

इथे आम्ही तीन तास होतो. कॅमेऱ्याची बॅटरी संपली म्हणून बाहेर पडलो.

गोदाम सांभाळणारे काका मूळचे इंदूरच्या रामबागेतले. आठवडाभर इथल्या क्वार्टरमध्ये राहतात, रविवारी घरी जातात. दार उघडल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे जमिनीवर पाणी शिंपडलं. वाळ्याच्या ताट्यांवर शिंपडावं तसं, सावकाश, कोपऱ्याकोपऱ्यात. आम्ही विचारलं, "गारव्यासाठी का?"

[काकांचा आवाज]
"गारव्यासाठी नाही रे बाबा. बॅरलला तहान लागते."

[दृश्य : फळ्यांमधल्या फटी. लोखंडी पट्ट्या. फळीवर वाळलेला काळपट ओघळ.]

पिंपं अमेरिकेहून येतात. तिथे बर्बन या तिथल्या व्हिस्कीसाठी नवं, आतून जाळलेलं ओकचंच पिंप लागतं, असा कायदा आहे. म्हणून एकदा वापरलेली पिंपं जगभर विकायला निघतात. प्रत्येकात सुमारे २०० लिटर मावतं. नवी दारू पाण्यासारखी पारदर्शक. रंग, व्हॅनिलासारखा वास आणि बरीचशी चव लाकडातून येते. ऊन चढलं की दारू फुगून लाकडात शिरते, रात्री उतरलं की बाहेर येते. जाता-येता लाकडातलं काहीतरी घेऊन येते. स्कॉटलंडच्या थंडीत ही ये-जा सावकाश चालते. निमाडात ती धावते.

आणि धावताना सांडते. लाकूड पूर्ण बंद नसतं, दारू हळूहळू हवेत उडत राहते. स्कॉटलंडमध्ये वर्षाला सुमारे दोन टक्के. बंगळुरूसारख्या ठिकाणी दहा-बारा. हिशेब करून बघा. दर वर्षी दहा टक्के उडालं, तर २०० लिटरचे पाच वर्षांनी ११८ उरतात. बारा वर्षांनी ५६. तिकडे बारा वर्षांनीसुद्धा दीडशेच्या वर शिल्लक असतात. या उडालेल्या भागाला इंग्रज 'देवदूतांचा वाटा' म्हणतात.

[काकांचा आवाज]
"देवदूत कुठले आलेत इथे! घाटावर भेरूबाबा बसलाय, उज्जैनला काळभैरव. त्यांना तर बाटलीच लागते. त्यांचा वाटा म्हणायचं."

[दृश्य : काका एका पिंपाचं बूच लाकडी हातोड्याने ठोकून सैल करतात. तांब्याची लांब नळी आत जाते. पेल्यात पडणारी लालसर धार, मागून उजेड.]

ही धार बघा. साडेतीन वर्षांची आहे. नवी दारू याच पिंपात गेली तेव्हा तिला रंग नव्हता.

उन्हाळ्यात कोरड्या हवेत पाणी जास्त उडतं, दारू कमी, त्यामुळे पिंपातली दारू आणखी कडक होते. पावसाळ्यात हवा दमट झाली की उलटं. लाकूड फुगतं, फटी मिटतात, गळती कमी होते. एकाच गोदामात वर्षाला दोन हवामानं. स्कॉटलंडमधल्या एडिंबरोच्या पुस्तकात बसणारं हे गणित नाही. काका ते नाकाने करतात. दर महिन्याला बुचं उघडतात, वास घेतात, वहीत टिपतात. पीत नाहीत.

[काकांचा आवाज]
"आंबे अढीत घातलेत ना तुमच्या घरी? रोज हात घालून बघावं लागतं की नाही? एक दिवस चुकला की उतरला आंबा. हे तसंच आहे. जास्त ठेवलं की नुसतं लाकूड चावल्यासारखं."

बाटलीवर वयाचे १२, १८, २१ असे आकडे शोधणाऱ्यांनी काकांची अढी एकदा बघायला हवी.

[दृश्य : जुन्या डोंगरी गावाची छायाचित्रं. मग पुन्हा गोदाम.]

इंग्रजांनाही हिंदुस्थानात व्हिस्की हवी होती. पण त्यांनी डोंगर शोधला. एडवर्ड डायर याने एकोणिसाव्या शतकात कसौलीला भट्टी लावली ती थंड हवा आणि झऱ्याचं पाणी बघून. (हो, जालियनवाला बागेच्या जनरल डायरचे हे वडील.) व्हिस्कीला गारठाच हवा, ही समजूत तेव्हापासून पक्की. २००४ मध्ये बंगळुरूच्या 'अमृत' कारखान्याने आपली सिंगल माल्ट (एकाच कारखान्यात, फक्त मोड आणलेल्या जवाची केलेली व्हिस्की) आधी कुठे नेली, तर थेट स्कॉटलंडच्या ग्लासगोत. तैवानच्या यिलानमध्ये २००६ साली कावालान ही भट्टी सुरू झाली, तीही दमट उकाड्यात. २०१० मध्ये एडिंबरोच्या लीथ भागात नाव झाकून व्हिस्कींची चव घेतली, तेव्हा कावालानची पहिली आली. आता हरियाणातल्या इंद्रीची माल्टही परदेशात जाते.

[दृश्य : नर्मदेचा घाट, संध्याकाळ. दिवे सोडणाऱ्या बायका. दुकानाचं बंद शटर.]

दारूने बसलेली घरंही या पट्ट्यात कमी नाहीत. ओंकारेश्वर, महेश्वर, मंडलेश्वर इथली दारूची दुकानं १ एप्रिल २०२५ पासून सरकारने बंद केली आहेत. आणि कारखान्याला पाणी लागतं, भरपूर लागतं, ते अशा मुलखात जिथे इंदूरच्या नळाला येणारी नर्मदाही नदीकाठच्या जलूदहून, सुमारे ७० किलोमीटर अंतरावरून, वर चढवून आणावी लागते.

[दृश्य : गोदाम. संध्याकाळचा तिरपा उजेड, त्यात तरंगणारी धूळ. काका पेल्यातली उरलेली दारू पिंपात परत ओततात. शेवटचे दोन थेंब जमिनीवर.]

ते थेंब का, हे आम्ही विचारलं नाही.

[दृश्य : बूच ठोकलं जातं. खडूने आकडा. वहीत सही. आबकारीवाले साहेब कूलरसमोरून उठून येतात.]

दाराला दोन कुलपं आहेत. एकाची किल्ली काकांकडे, दुसऱ्याची साहेबांकडे. दोघांनी आपापलं कुलूप लावलं, ओढून बघितलं, आणि साहेबांनी घड्याळ बघून वेळ लिहिली. सहा वाजून दहा मिनिटं. बाहेर अजून ३९ अंश.

वास मात्र फटीतून येतच होता.

[दृश्य : बंद दार. काळोख होईपर्यंत आवाज नाही.]