कलमाच्या मुळाशी काय घालायचं?

नमस्कार, बागायतदार मंडळी. आंबा उतरला, बागा मोकळ्या झाल्या. आता मृग लागला की हापूसच्या कलमांना खत घालायचं, आणि त्याबरोबर दरवर्षीचा वादही आलाच: शेणखत की युरिया?

आधी हिशेब करूया. दहा वर्षांच्या कलमाला ५० किलो शेणखत, ३ किलो युरिया, ३ किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि वर पालाश, अशी मात्रा कोकणात साधारणपणे देतात. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे ३ किलोत जवळजवळ १ किलो ४०० ग्रॅम. कुजलेल्या शेणखतात ते जेमतेम अर्धा टक्का. ५० किलोत पाव किलो. युरियाचं नत्र शेणखतातूनच भरून काढायचं तर कलमामागे आणखी २८० किलो वाहावं लागेल. १०० कलमांना २८ टन! गोठ्यात दोन गुरं असलेल्यानं ते आणायचं कुठून? चार घमेली शेण टाकून कुणी 'माझी बाग सेंद्रिय' म्हणालं, की मला त्या झाडांची कीव येते. उपाशीच असतात बिचारी.

मग नुसता युरिया द्यावा? तो तर त्याहून मोठा तोटा. आपली जमीन जांभ्याची, पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरातला. युरियाचं नत्र पाण्याबरोबर झिरपतं आणि वहाळातून खाडीला लागतं. सुपर फॉस्फेटमधल्या स्फुरदाची गोष्ट उलटी. जांभ्यातलं लोह आणि ॲल्युमिनियम त्याला असं धरून बसतं, की मुळांच्या वाट्याला थोडंच येतं. शेणखत इथे कामाला येतं. ते कुजताना लोहाला गुंतवतं, स्फुरद मोकळा होतो, ओलही टिकते. म्हणून दोन्ही खतं एकाच चरात हवीत. कल्टार, म्हणजे दरवर्षी मोहोर यावा म्हणून मुळाशी घालतात ते औषध, घालणाऱ्यांनी तर शेणखतात काटकसर करूच नये. झाडाकडून दरवर्षी फळ मागताय ना?

एक गोष्ट मात्र डोळ्यांना खुपते. बागेतला पातेरा, म्हणजे गळलेला सुका पाला, काडी लावून जाळायचा आणि मग घाटावरून शेणखताचा ट्रक मागवायचा! पातेरा चरात घाला. बांधावर गिरीपुष्प लावा, त्याचा पाला लवकर कुजतो. ताजं शेण मात्र नको, मुळं खाणारी हुमणी अळी येते. आणि ऑक्टोबरात युरियाला हात लावू नका, मोहोराऐवजी पालवी फुटेल.

चर बुंध्याशी खणू नका, अन्न घेणारी बारीक मुळं तिथे फारशी नसतात. फांद्यांच्या घेरापासून हातभर आत, गोल खणा. तळाला पातेरा, त्यावर शेणखत, मग रासायनिक खत, आणि त्याच दिवशी मातीनं बुजवा. चर उघडा राहिला आणि रात्री पाऊस कोसळला, तर सकाळी तुमचं खत खालच्या शेजाऱ्याच्या बागेत असेल.