चकाकीवरचा काळा ओघळ

नमस्कार श्रोतेहो. प्लास्टिकची छोटी विमानं जोडणाऱ्या मंडळींसाठी आजचं बोलणं आहे. समोर मिग-21 ठेवू. हे विमान भारतीय हवाई दलात 1963 साली आलं आणि पुढे आपल्या नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यातही तयार झालं. 1/72 मापात, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं केलं की, ते जेमतेम वीस सेंटिमीटरचं होतं. अंग चंदेरी, शेपटीवर तिरंगी पट्टी आणि पत्र्यांच्या सांध्यांच्या बारीक रेषा. त्या रेषा उठून दिसाव्यात म्हणून आपण वॉश देतो, म्हणजे अगदी पातळ केलेला गडद रंग खाचांमधून वाहू देतो.

वॉशच्या आधी मॉडेलवर पारदर्शक ग्लॉसचा थर देतात, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण पुष्कळांना वाटतं की तो चमक आणण्यासाठी. तसं नाही. मॅट, म्हणजे बिनचमकीच्या रंगाचा पृष्ठभाग खरखरीत असतो. माठावर शाई सांडली तर ती आत मुरते आणि चिनी मातीच्या बरणीवर सांडली तर पुसता येते, तसाच इथला फरक. ग्लॉसवर ब्रशचं टोक खाचेला नुसतं टेकवलं की वॉश केशाकर्षणाने आपोआप पुढे सरकतो. बाहेर सांडलेला पुसून निघतो. दुसरं म्हणजे, खालचा रंग आणि वॉशमधला द्रावक, म्हणजे रंग पातळ करणारा द्रव, यांच्यामध्ये ग्लॉस भिंतीसारखा उभा राहतो. भिंत टिकणार की नाही, ते मात्र ती कशाची आहे यावर ठरतं.

साधा नियम असा की ग्लॉस ज्या द्रावकात विरघळतो, तो वॉशमध्ये नको. लॅकर (जहाल द्रावकातला, झटपट वाळणारा) ग्लॉस किंवा टामिया कंपनीच्या एक्स-22 सारखा ॲक्रिलिक ग्लॉस पूर्ण वाळला असेल, तर त्यावर व्हाइट स्पिरिटमध्ये, म्हणजे खनिज टर्पेंटाइनमध्ये, पातळ केलेला इनॅमल (तेलकट रंग) किंवा तैलरंगाचा वॉश चालतो. इनॅमलच्याच ग्लॉसवर इनॅमलचा वॉश दिला, तर दोघांचा द्रावक एकच. पुसायला गेलात की ग्लॉस मऊ पडतो आणि रंगही निघून येतो. एक्स-22वर आयसोप्रोपिल अल्कोहोल कधीही नको, त्याने तो उतरतो.

आता आपल्याकडची खास अडचण. हार्डवेअरच्या दुकानात टर्पेंटाइनची बाटली आणि एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरची बाटली शेजारी-शेजारी असतात, आणि दुकानदार दोन्हींना सरसकट ‘थिनर’ म्हणतो. एनसी थिनरमध्ये टोल्युइनसारखे जहाल द्रावक असतात. तो ग्लॉस खाईल, रंग खाईल आणि खालचं पॉलिस्टायरिनही वितळवेल. बाटलीवरचं नाव स्वतः वाचा. आणि घरात नवा जोड वापरून पाहायचा असेल तर आधी किटच्या स्प्रूच्या, म्हणजे सुटे भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात तिच्या, तुकड्यावर तेच थर द्या. पूर्वी प्लास्टिकचे चमचे वापरायचे, पण आता बंदीमुळे ते मिळणं अवघडच.

ग्लॉस पातळ दोन-तीन हातांत द्यावा आणि निदान एक दिवस वाळू द्यावा. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, दोन दिवस थांबलेलं बरं. तेव्हा लॅकर फवारलं तर द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि पांढुरकी झाक येते. त्यापेक्षा उघाडीचा दिवस बघावा. डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं, लावायच्या आधी एक ग्लॉस आणि नंतर पुन्हा एक. नाहीतर तिरंगी पट्टीतल्या पांढऱ्याच्या कडेखाली वॉश शिरतो आणि काळी कड उमटते. ती काढता येत नाही.

वॉशसाठी तैलरंगाच्या ट्यूबमधला रॉ अंबर आणि त्यात काळ्याचा किंचित अंश मला आवडतो. ट्यूबमधून रंग आधी पुठ्ठ्यावर काढावा, म्हणजे जादा जवसतेल शोषलं जातं. मग एक भाग रंगाला साधारण नऊ-दहा भाग व्हाइट स्पिरिट. निव्वळ काळा नको. हिशोब करून बघा, मॉडेलवरची 0.2 मिलिमीटरची रेषा खऱ्या विमानावर 14 मिलिमीटरची फट होईल. इतक्या फटी असलेलं विमान कोणी उडवेल का? रेषा दिसावी, पण ओरडू नये.

अर्ध्या तासाने, व्हाइट स्पिरिटने ओलसर केलेली कापसाची काडी विमानाच्या नाकाकडून शेपटीकडे फिरवा. काडी ओली चिंब नको, कागदावर टिपून घ्यावी. राहिलेला हलका डाग हवेच्या दिशेने ओढल्यासारखा दिसतो, म्हणून तो खटकत नाही.

सगळ्यात जास्त जपायची जागा म्हणजे चाकांचे कोनाडे आणि त्यांचे पाय. तिथे फवारा नीट पोहोचत नाही, प्लास्टिक उघडं राहतं. तिथे द्रावक साचला, की घट्ट बसवलेल्या, ताण असलेल्या भागाला तडा जाऊ शकतो. कधीकधी पाय मोडल्यावरच ते कळतं. तिथे वॉश थेंबभरच, आणि जादा असेल तो लगेच टिपून घ्यायचा. नाहीतर पाण्याचा ॲक्रिलिक वॉश वापरावा. तो वाळल्यावर पुसता येत नाही, पण प्लास्टिकला त्रास देत नाही.

इनॅमलच्या वॉशला एक दिवस आणि तैलरंगाला काही दिवस सुकायला दिल्यावरच वरचा शेवटचा पारदर्शक थर फवारा, तोही अगदी झिरझिरीत हातांनी. चंदेरी मिगला पूर्ण मॅट करू नका, सॅटिन, म्हणजे मंद चमकीचा थर, पुरे.

काम करताना खिडकी उघडी, उदबत्ती-निरंजन दूर. जवसतेल आणि टर्पेंटाइन लागलेले चिंध्यांचे बोळे कचऱ्याच्या डब्यात दाबून टाकू नका, ते आपसूक तापून पेटू शकतात. दोरीवर पसरून वाळवा आणि मगच टाका. नमस्कार.